बेरिलबाईंचं घर विकणे आहे

बेरिल हॅकेट नावाच्या बाईंनी सत्तरी ओलांडली तरी कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हटलेलं नव्हतं. म्हणून बाई गरीब गाय होत्या असं समजू नका. चांगल्या खमक्या होत्या. मनातल्या मनात तर रोज दहा जणांना उभंआडवं झोडत. पण तोंड उघडलं की बाहेर पडायचं ते एकच, “अगदी छान!” एकदा केस कापणाऱ्या बाईनं त्यांचे पांढरे केस चक्क वांग्याच्या रंगाचे करून ठेवले. आरशात बघून बेरिलबाई म्हणाल्या, “अगदी छान!” वर बक्षिसी दिली, घरी येऊन डोक्याला रुमाल बांधला आणि रंग उतरेपर्यंत तो सोडला नाही. आणि कहर म्हणजे पुढच्या खेपेला परत तिच्याचकडे गेल्या. का, तर दुसरीकडे गेलं तर तिला वाईट वाटेल! आता काय म्हणावं या माणसांना?

इंग्रजांची ही जुनी खोड आहे. हवं ते मागायचं नाही, नको ते नाकारायचं नाही, आणि समोरच्यानं मात्र सगळं आपोआप ओळखावं अशी अपेक्षा धरायची. इंग्रजा-इंग्रजांत हा खेळ ठीक चालतो, दोघांनाही नियम ठाऊक असतात. पण बेरिलबाई राहतात लंडनजवळच्या ल्यूटनमध्ये, पेअरट्री रोडवर, आणि तिथं हा खेळ खेळायला त्यांना कुणी गडीच उरलेला नाही. डाव्या हाताला पाकिस्तानातल्या मीरपूरकडचं मुसलमान कुटुंब, उजवीकडे पोलंडचा रंगारी, समोर घानाचे पास्टर, कोपऱ्यावर तमिळ दुकानदार, आणि मधल्या घरांत शीख आहेत, रुमानियन आहेत, बांगलादेशी आहेत, कोण नाही ते विचारा. शुक्रवारी दुपारी गाडी लावायला जागा मिळत नाही ती एका देवामुळे, रविवारी सकाळी मिळत नाही ती दुसऱ्या देवामुळे. देव बदलतो, गाडीची बोंब तीच राहते.

बाई स्वतःला ‘इथलीच’ म्हणवत. त्यांची आई आयर्लंडहून इथल्या टोप्यांच्या कारखान्यात शिवणकामाला आली होती, आणि तिच्या बोलण्यालाही तेव्हा लोक नाकं मुरडायचे, हे मात्र बाईंना सोयीस्करपणे आठवत नसे. जन्म या गावातला, लग्न या गावात, नवरा डेरेक इथल्याच मोटारींच्या कारखान्यात. बाईंनी स्वतः उभी हयात शाळेत पोरांना दुपारचं जेवण वाढण्यात घालवली. त्या शाळेत भाषा इतक्या की मुख्याध्यापकांनी मोजणं सोडून दिलं होतं. बेरिलबाईंना भाषांशी कर्तव्य नव्हतं, त्या माणसं ताटावरून ओळखत. जगात मुख्य धर्म चार आहेत असं त्यांचं पक्कं मत होऊन बसलं होतं: डुक्कर न खाणारे, गाय न खाणारे, काहीच न खाणारे आणि भाजी न खाणारे. चौथ्या धर्माची पोरं सगळी इंग्रज होती.

डावीकडची रेशम बी राहायला आली तेव्हाची गोष्ट तर आमच्या रस्त्यावर अजून सांगतात. पहिल्याच आठवड्यात रेशम बीनं कांदा परतायला घेतला. वास भिंत ओलांडून बेरिलबाईंच्या स्वयंपाकघरात शिरला. आता एखादी मोकळ्या तोंडाची बाई असती तर सरळ म्हणाली असती, ‘अहो, खिडकी लावा जरा.’ बेरिलबाईंनी काय करावं? आपली स्वतःची खिडकी धाडकन लावली. दुसऱ्या दिवशी आणखी जोरात लावली. तिसऱ्या दिवशी इतक्या जोरात लावली की काच तडकायची राहिली. इंग्रज शेजारीण असती तर हा इशारा समजून आठ दिवस जेवली नसती. रेशम बीला वाटलं, बिचारी थंडीनं काकडतेय. संध्याकाळी ती दारात उभी, हातात ही एवढी जाड रजई. बेरिलबाई रजई घेऊन म्हणाल्या, “अगदी छान!” रात्री नवऱ्याला म्हणाल्या, “आता हिचं काय करू?” डेरेक म्हणाला, “पांघर.” तीच रजई ते दोघं पुढे कैक वर्षं पांघरत होते.

मग मागच्या अंगणातल्या बुटक्या भिंतीशी दोघींचं मेतकूट जमलं. रेशम बीला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, आणि तिनं ते शिकण्याचा आळही कधी आपल्यावर येऊ दिला नाही. ती आपली पहाडी बोलायची, बेरिलबाई आपली इंग्रजी. एकीला दुसरीचं काही कळत नसे आणि गप्पा मात्र अर्धा-अर्धा तास चालत. कोथिंबीर इकडून तिकडे जाई, बटाटे तिकडून इकडे येत. रेशम बीची सून सोबिया इथंच जन्मलेली, दोन्ही भाषांत पटाईत. तिनं एकदा मध्ये पडून अर्थ सांगायचा प्रयत्न केला, तर दोघींनी तिला हाकलून लावलं. आपण इतकी वर्षं दोन वेगवेगळ्या विषयांवर बोलतोय हे कळून कुणाचं भलं होणार होतं?

डेरेक गेला तो गेल्या वसंतात. त्याच्या जुन्या दोस्तांनी दाराच्या फटीतून काळ्या कडेची कार्डं टाकली आणि बाईंच्या दुःखात व्यत्यय नको म्हणून रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागले. रेशम बी मागच्या दारानं आत आली, खुर्ची ओढून बसली आणि संध्याकाळपर्यंत माळ ओढत राहिली. मध्येच उठून तिनं भांडी घासली. दुसऱ्या दिवशी परत आली. बेरिलबाईंना एकटीनं रडायचं होतं, पण ते सांगायचं कसं? मग त्या तिच्यासमोरच रडल्या. आणि त्यांना बरं वाटलं.

अंत्यविधीच्या दिवशी सगळे पांगले, तेव्हा मुलगा नायजेल दारात घुटमळला. तो दूर समुद्रकाठी राहतो, बायको जॅकीसह. कोट घालता घालता म्हणाला, “आई, इथं एकटी काय करणार तू? आमच्याकडे ये ना राहायला. मागची खोली रिकामीच आहे.”

आईला हे घर सोडायचं नव्हतं. पण पोरगं इतक्या मायेनं विचारतंय, त्याला नाही कसं म्हणायचं? बेरिलबाई म्हणाल्या, “अगदी छान होईल, बाळा.”

झालं. त्या तीन शब्दांनी घात केला.

उन्हाळ्यात नायजेलनं बाईंना सवय व्हावी म्हणून पंधरा दिवस नेऊन ठेवलं. समुद्र होता, वारा होता, बाकावर बसलेली पांढऱ्या केसांची माणसं होती. सकाळी फिरायला निघालं की प्रत्येक जण हसून म्हणे, “काय सुंदर हवा आहे!” आणि पुढं जाई. दुसऱ्या दिवशी बाईंच्या लक्षात आलं की इथली झाडून सगळी माणसं अगदी आपल्यासारखी आहेत, आणि त्यांना धडकीच भरली. इथं आपण ‘छान’ म्हणू आणि समोरचाही ‘छान’ म्हणेल आणि असंच म्हणता म्हणता एक दिवस दोघंही मरून जाऊ. मागच्या दारानं कुणी येत नव्हतं. मागच्या दाराला कुलूप होतं. परत आल्यावर सोबियानं विचारलं, “कसं होतं, बेरिल आंटी?”

“अगदी छान!”

“म्हणजे जाणार तुम्ही? खरंच?” सोबियाचे डोळे भरून आले, पण ती शहाणी मुलगी. तिला वाटलं, आंटीला लेकाकडे जायचंय, आपण रडून तिचा पाय कशाला मागे ओढायचा? तिनं डोळे पुसले आणि बाह्या सरसावल्या. मग जे सुरू झालं ते विचारू नका.

घरावर ‘विकणे आहे’चा फलक लागला आणि अख्खा रस्ता बेरिलबाईंना घालवायच्या कामाला लागला. प्रेमानं हो, अगदी प्रेमानं! सोबियानं माळा उपसला. डेरेकची गळकी किटली, नायजेलची मोडकी सायकल, जुने पडदे, सगळं बाहेर काढलं. “राहू दे गं, तुला उगाच त्रास,” बेरिलबाई म्हणाल्या. इंग्रजीत याचा अर्थ ‘खबरदार हात लावलास तर’ असा होतो. सोबिया म्हणाली, “त्रास कसला आंटी, घरचंच काम आहे!” आणि तिनं ते सगळं टाकून यायला नवऱ्याला टॅक्सी घेऊन बोलावलं.

उजवीकडचा व्होइचेक एका शनिवारी रंगाचा डबा घेऊनच हजर झाला. हा माणूस अबोल, पण हात लावील तिथं काम चोख.

“दार रंगवतो, मिसेस हॅकेट. दार चांगलं दिसलं की घर पटकन जातं.”

“अहो कशाला? सुट्टीच्या दिवशी विश्रांती घ्या तुम्ही. जुना रंग बरा आहे की.”

“जुना रंग भयंकर आहे,” व्होइचेक म्हणाला. पोलंडच्या माणसाला खोटं बोलता येत नाही, निदान रंगाच्या बाबतीत तरी. त्यानं दाराला घासून पुसून तीन हात दिले. डेरेकनं निवडलेला हिरवा रंग खरवडून जमिनीवर पडत होता आणि बेरिलबाई शेजारी चहाचा कप धरून उभ्या होत्या. त्यांना त्या कपातला चहा व्होइचेकच्या डोक्यावर ओतावासा वाटत होता. त्या म्हणाल्या, “साखर किती घालू?”

राहता राहिले समोरचे पास्टर ओफोरी. हे आठवडाभर बस चालवतात आणि रविवारी शाळेच्या सभागृहात प्रार्थना चालवतात, आणि दोन्हीकडे आवाज सारखाच लावतात. रस्ता ओलांडून आले, बाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि गर्जले, “सिस्टर बेरिल! काही काळजी करू नका. घर विकलं जाणार! मी मंडळींना सांगितलंय. या बुधवारपासून आम्ही सगळे उपास धरतोय तुमच्या घरासाठी.”

“उपास?” बेरिलबाईंना घेरी यायची बाकी होती. “अहो, माझ्यासाठी कुणी उपाशी राहू नका हो. देवाला इतर कामं असतील.”

“देवाला सगळ्यांसाठी वेळ आहे,” पास्टर म्हणाले.

त्या बुधवारी बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा देवाला उलटी प्रार्थना केली. बाईंचं देवाकडे जाणं-येणं कमीच होतं, नाताळपुरतं. ‘समोरच्यांचं ऐकू नकोस,’ एवढंच त्या म्हणाल्या, आणि लगेच ‘तुला जमलं तर, नाहीतर राहू दे’ असंही म्हणाल्या. देवालासुद्धा सरळ सांगवेना!

आता तुम्ही म्हणाल, बाईंनी नायजेलला फोन करून खरं का नाही सांगितलं? रोज ठरवत होत्या. फोन उचलत, तिकडून नायजेल म्हणे, “कशी आहेस? इकडे तुझ्या खोलीला रंग देतोय, फिकट पिवळा. चालेल ना?” की झालं. पोरगं माझ्यासाठी खोली रंगवतंय आणि मी त्याला काय सांगू, की बाप गेलेल्या घरातच मला कुढत बसायचंय? त्याचं मन मोडेल. रात्री डेरेकच्या बाजूच्या उशीला त्या सगळं नीट सांगत. उशीला सांगायला त्यांना कधी अडचण येत नसे.

ऑक्टोबर आला. बाई मागच्या अंगणात गुडघ्यांवर बसून पुढच्या वसंतात फुलणाऱ्या डॅफोडिलचे कंद लावत होत्या, दर वर्षीसारखेच. रेशम बी भिंतीवर कोपरं टेकून बघत राहिली. भिंतीशी गप्पा हल्ली होत नव्हत्या.

आणि एका रविवारी गिऱ्हाईक आलं. लंडनचं तरुण जोडपं, तो इंग्रज, ती तमिळ. बाईंनी आदल्या रात्रीपासून डोकं चालवलं होतं. सकाळी उठून त्यांनी मोठ्या पातेल्यात कोबी उकडायला टाकला. नुसता कोबी, भरपूर पाणी, झाकण उघडं. या वासानं डेरेकचे मित्रसुद्धा पळून जायचे. घरभर कोबीचा असा काही दर्प सुटला की बाईंना स्वतःचा अभिमान वाटला. हे बघा, तोंडानं नाही म्हणता येत नाही म्हणून कोबीकडून म्हणवून घ्यायचं!

तरुणानं आत पाऊल टाकलं, नाक वर केलं आणि त्याचा चेहरा फुलला. “अहाहा! माझ्या आजीच्या घरी अगदी असाच वास यायचा!”

बाईंनी डोळे मिटून घेतले.

जोडप्यानं वरखाली घर पाहिलं. दार आवडलं, त्याचा रंग तर फारच आवडला. माळा किती मोकळा आहे म्हणाले. स्वयंपाकघरात आले तर तिथं सोबिया ताटभर समोसे घेऊन उभी. तिच्या मागं व्होइचेक, कुठं काही ठोकायचं-बिकायचं राहिलंय का बघायला आलेला. पास्टर ओफोरी थेट प्रार्थनेतून आलेले, चकचकीत सुटात. सगळे आपापला सर्वांत सभ्य चेहरा घालून रांगेत उभे होते, गिऱ्हाइकाला शेजार आवडावा म्हणून.

“शेजारी कसे आहेत?” तमिळ बायकोनं विचारलं.

सगळ्यांनी बेरिलबाईंकडे पाहिलं. हीच संधी होती. ‘भयंकर आहेत,’ असं एकदा म्हटलं की काम तमाम. बाईंनी तोंड उघडलं, सोबियाच्या हातातल्या ताटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “यांच्यासारखे कुठं मिळायचे नाहीत.” हे मात्र त्या खोटं बोलल्या नाहीत.

जोडप्यानं एकमेकांकडे बघून मान हलवली. “आम्हाला घर पसंत आहे,” तरुण म्हणाला. “तुम्हाला नाताळच्या आधी सोडता येईल का?”

“देवाची करणी!” पास्टर ओरडले. व्होइचेकनं टाळी वाजवली. सोबियानं “मुबारक, आंटी!” म्हणून बाईंना मिठी मारली आणि त्यांच्या खांद्यावर तोंड लपवून गपचूप रडून घेतलं. सगळं हातातून चाललं होतं आणि बेरिलबाई हसत होत्या.

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि रेशम बी आत आली. हाताला पीठ लागलेलं, पायात सुनेच्या चपला. तिनं जोडप्याकडे पाहिलं नाही, पास्टरांकडे पाहिलं नाही. सरळ बेरिलबाईंसमोर येऊन उभी राहिली आणि पहाडीत काहीतरी बोलली. आवाज चढवून बोलली.

सोबिया एकदम गोरीमोरी झाली. “अम्मी, आत्ता नको. पाहुणे आहेत.”

“पाहुणे गेले उडत! सांग तिला.”

“काय म्हणतायत त्या?” तरुणानं विचारलं.

सोबिया चाचरत म्हणाली, “अम्मी विचारतायत... बेरिल आंटी, त्या विचारतायत की तुमची जायची इच्छा नाही, तर घर कशाला विकताय?”

कोबी तेवढा रटरटत होता.

“कुणी सांगितलं असं?” बेरिलबाई कसनुशा हसल्या. “सांग त्यांना, मला जायचंय. नायजेलनं खोली रंगवलीय. अगदी छान होणार आहे सगळं.”

सोबियानं ते सासूला सांगितलं. रेशम बीनं हात उडवला. “ती काय म्हणते ते मी विचारलं का तुला? तिचं ते गिटपिट मला कळत नाही, कधीच कळलं नाही. मला तोंड दिसतं तिचं. दोन महिने भिंतीशी येते आणि मुकी उभी राहते. जाणारी बाई पुढच्या वर्षीची फुलं लावते का? विचार तिला. तू माझ्याकडे बघून सांग म्हणावं.”

सोबियानं शब्दन् शब्द सांगितला. सांगता सांगता तिचाच आवाज बारीक झाला, कारण तिनं आत्ता पहिल्यांदा बेरिल आंटीकडे नीट पाहिलं होतं.

बाईंनी आधाराला खुर्चीची पाठ धरली. इतक्या वर्षांत गिळलेल्या कितीतरी ‘नाही’ घशाशी दाटल्या होत्या, पण बाहेर एकच आली.

“नाही,” बेरिलबाई म्हणाल्या. मग स्वतःच दचकल्या, आणि परत म्हणाल्या, “नाही. मला नाही जायचं. मला भीती वाटते तिकडची. तिकडे मला कुणी ओळखत नाही. मला इथंच मरायचंय, या घरात, तुमच्यात.” आणि खुर्चीत बसून हमसून हमसून रडायला लागल्या.

रेशम बीला कुणी अर्थ सांगायची गरज पडली नाही. तिनं पीठ लागल्या हातानं बाईंचं डोकं पोटाशी धरलं, आणि बाईंच्या पांढऱ्या केसांवर आणखी पांढरं पीठ सांडलं.

मग जो कालवा झाला म्हणता! आधी व्होइचेकला कंठ फुटला. “मिसेस हॅकेट, मी तीन हात दिले दाराला! तीन! तुम्ही बाजूला उभ्या होतात! एक शब्द बोलायचा होता!”

“मी म्हटलं होतं ना, विश्रांती घ्या म्हणून,” बाई रडता रडता म्हणाल्या.

“ते ‘थांबा’ होतं?”

“मग काय होतं?”

व्होइचेकनं कपाळावर हात मारून घेतला. पण खरी पंचाईत झाली होती ती पास्टर ओफोरींची. ते घाम पुसत म्हणाले, “सिस्टर बेरिल, अख्खी मंडळी महिनाभर दर बुधवारी उपाशी आहे. म्हाताऱ्या बायकासुद्धा. देवानं ऐकलं, गिऱ्हाईक पाठवलं. आता मी परत जाऊन कोणत्या तोंडानं सांगू, की प्रभू, चूक झाली, परत घे?”

“मी तुमच्या आधीच सांगून ठेवलंय त्याला,” बेरिलबाई नाक शिंकरत म्हणाल्या. “जमलं तर बघ, म्हटलं होतं.”

पास्टर त्यांच्याकडे बघतच राहिले. मग त्यांच्या पोटातून जे हसू निघालं त्यानं कपबशा वाजल्या. बिचारं लंडनचं जोडपं मात्र मध्येच अडकलं होतं. तरुण जातीचा इंग्रज, तो मागे मागे सरकत “नाही नाही, काहीच हरकत नाही, अगदी छान, उलट आम्हीच माफी मागतो” असं म्हणत दाराकडे निघाला. त्याची बायको जागची हलली नाही. ती म्हणाली, “घर नाही तर नाही. मी आणखी एक समोसा घेऊ का?” ही मुलगी रस्त्यावर नांदली असती.

संध्याकाळी नायजेलचा फोन यायचा होता. सोबियानं बाईंना पढवून ठेवलं, “आंटी, पहिलंच वाक्य ‘नाही’. हवा-पाण्याच्या गप्पा मारायच्या नाहीत, नाहीतर घसराल.” सोबिया एका बाजूला बसली, रेशम बी दुसऱ्या बाजूला. फोन वाजला. बेरिलबाईंना वाटलं, आपण आता लेकाचं काळीज फाडणार.

“नायजेल, मी येत नाही.”

“या आठवड्यात का?”

“कधीच नाही. मला इथंच राहायचंय, बाळा. तू रागावू नकोस. मी आधीच सांगायला हवं होतं. तू इतक्या प्रेमानं विचारलंस, म्हणून मी हो म्हणाले.”

मग नायजेल अडखळत म्हणाला, “अगं पण आई... मी... बाबांना पोचवून आलो होतो, तुला एकटीला सोडून निघायचं होतं, म्हणून विचारलं. विचारायला नको का? मला वाटलं, तू नकोच म्हणशील.”

फोनमध्ये मागून जॅकीचा आवाज आला, काय झालं म्हणून. नायजेलनं फोनवर हात धरला, पण तो नीट धरला नाही. बाईंना स्वच्छ ऐकू आलं, “येत नाहीये ती!” आणि मग जॅकीचा सुटलेला श्वास, आणि पाठोपाठ त्याचाही.

मग तो परत फोनवर आला. आवाज पाडून म्हणाला, “आम्हाला फार वाईट वाटतंय गं, आई. जॅकी तर अगदी नाराज झालीय. खोलीला रंगसुद्धा दिला होता.”

आत्ता दुपारीच तर बाई मनातलं बोलायला शिकल्या होत्या. बोलण्यासारखं बरंच होतं. पण हे आपलं पोरगं होतं, लहानपणी खोटं बोललं की असाच आवाज पाडायचं.

“ठाऊक आहे मला, बाळा,” त्या म्हणाल्या. “तुम्ही दोघं फार चांगली आहात. पिवळा रंग फुकट जाणार नाही, नाताळनंतर चार दिवस येईन मी राहायला.” आणि फोन ठेवला.

“काय म्हणाला?” सोबियानं अधीर होऊन विचारलं. “रागावला का?”

“नाही गं. त्याला फार वाईट वाटलं.”

सोबियानं ते सासूला सांगितलं. रेशम बीनं मान वळवून बेरिलबाईंचा चेहरा पाहिला, बराच वेळ पाहिला. या खेपेला तिनं काही विचारलं नाही. उठली, आणि समोशांचं ताट त्यांच्यापुढं सरकवलं. तिचेही थोरले दोन मुलगे ब्रॅडफर्डला होते, आणि त्यांनाही फार वाईट वाटत असे.